बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणाऱ्या जोडप्यांसाठी

आम्ही दोघं २०२३ च्या भाऊबीजेनंतर तीन-चार दिवसांनी नाशिकरोडला गाडीत बसलो आणि २०२४ च्या जूनअखेर परत आलो. नेपाळ, थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया, मलेशिया, इंडोनेशिया असा क्रम झाला. आल्यापासून ओळखीतली, ओळखीच्यांच्या ओळखीतली जोडपी घरी येतात, चहा होतो आणि मग हळूच वही-पेन निघतं. तेच ते सांगून झालं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आठ दिवसांच्या टूरला आणखी तीस आठवडे जोडले की लांबचा प्रवास होतो, असं आम्हालाही वाटलं होतं. पण सात महिन्यांत कपडे धुवावे लागतात, कुणाचं तरी पोट बिघडतं, लाइट बिल भरायचं राहतं आणि एकमेकांचा कंटाळाही येतो. घरी जे जे होतं ते सगळं होतं, फक्त घर पाठीवर असतं. म्हणून ठिकाणांची यादी सगळ्यात शेवटी करा. आधी बिऱ्हाडाची सोय बघा.

पायरी १: पैसे

आकडा सगळ्यांनाच हवा असतो, तो आधी देते. आम्हा दोघांचा मिळून रोजचा खर्च सरासरी ४,३०० रुपये आला. राहणं, खाणं, बस-रेल्वे, तिकिटं, चहा-कॉफी सगळं धरून. नेपाळमध्ये तो तीन हजारांच्या आत होता, थायलंडच्या बेटांवर सहा हजारांच्या वर गेला. २२० दिवसांचे झाले साडेनऊ लाख. विमानं, विमा, व्हिसा आणि लसी यांचे दोन लाख वेगळे. यापेक्षा कमीत जाणारे आहेत, पण ते डॉर्ममधल्या बारा जणांच्या घोरण्यात झोपू शकतात. मला जमत नाही.

या आकड्याशिवाय तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या एफडीत ठेवा आणि तिला हात लावायचा नाही असं एकमेकांना वचन द्या. परत आल्यावर लगेच नोकरी मिळत नाही, दूधवाल्याला मात्र महिनाअखेर पैसे लागतात.

आता पैसे न्यायचे कसे. दोघांची दोन वेगळ्या बँकांची कार्डं हवीत आणि ती दोन वेगळ्या पाकिटांत. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळातच बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात. हे काम नाशकात बसून करा. थायलंडमध्ये परक्या कार्डाला दर वेळी दोनशेहून जास्त बाट एटीएम शुल्क लागतं, म्हणून तिथे थोडे थोडे काढू नका, एकदाच मोठी रक्कम काढा. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे एका आर्थिक वर्षात माणशी १० लाखांच्या आत असतील तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जात नाही. दोघांच्या नावे वेगवेगळं भरलंत तर सहसा प्रश्नच येत नाही, शिवाय प्रवासाच्या मध्ये ३१ मार्च येत असेल तर आणखी सोपं.

थोडे डॉलर रोख हवेतच. लाओस आणि कंबोडियाच्या सीमेवर व्हिसाचे पैसे डॉलरमध्ये घेतात आणि नोट जराशी फाटलेली किंवा पेनाने लिहिलेली असली की परत करतात. कंबोडियात तर बाजारातही डॉलर चालतो. सुट्टे म्हणून रिएल मिळतात, साधारण चार हजारांना एक डॉलर. नेपाळमध्ये आपल्या शंभराच्या नोटा सहज चालतात आणि भाव ठरलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. नेपाळ आणि श्रीलंकेत बऱ्याच दुकानांत यूपीआयही चालतं.

आणि ओटीपी! बँकेला जोडलेला नंबर बंद पडला तर खात्यात लाखो रुपये असूनही तुम्ही भिकारी. निघण्याआधी त्या सिमवर रोमिंग सुरू करा, एसएमएस येतो का याची खात्री करा आणि रिचार्जची मुदत संपायची तारीख वहीत लाल पेनाने लिहा. इंटरनेटसाठी त्या त्या देशात स्थानिक सिम घ्या.

पायरी २: कागद, आणि त्यावरचं नाव

पासपोर्ट नसेल तर नाशिकमध्येच काम होतं, मुंबईला खेटे घालायला नकोत. घेताना ६० पानी घ्या. साध्या ३६ पानीला १,५०० आणि ६० पानीला २,००० रुपये लागतात. पाचशे रुपयांकडे बघू नका, कारण लाओस आणि कंबोडियासारख्या देशांचं व्हिसाचं स्टिकर अख्खं पान खातं. परतीच्या तारखेनंतरही सहा महिने मुदत शिल्लक हवी.

आपल्या मराठी माणसांची खरी अडचण नावात आहे. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तिपेडी लिहितो. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने: आडनाव आणि दिलेलं नाव. मधलं नाव बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्या रकान्यात, स्वतःच्या नावाला चिकटून छापलेलं असतं. विमानाचं तिकीट काढताना आणि ई-व्हिसा भरताना ते जसं छापलंय तसंच्या तसं टाकायचं. मी लाओसमधल्या लुआंग प्राबांगला नदीकाठच्या खोलीत बसून व्हिएतनामचा अर्ज भरला आणि सवयीने फक्त माझं नाव आणि आडनाव लिहिलं. वडिलांचं नाव राहिलं. ई-व्हिसा आला, त्यावरही नव्हतं. निघायला चार दिवस असताना नवऱ्याच्या लक्षात आलं. पुन्हा अर्ज, पुन्हा २५ डॉलर आणि चार दिवस जीव टांगणीला. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधार, पॅन, बँक आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी एकच आहे का ते आज रात्रीच बघा. नसेल बदललं तर प्रवासासाठी म्हणून मुळीच बदलू नका; पासपोर्टला त्याची गरज नाही.

व्हिसाचे नियम सतत बदलतात. आम्ही गेलो तेव्हा थायलंडने भारतीयांना व्हिसाविना ३० दिवस नुकतेच दिले होते. जुलै २०२४ मध्ये त्याचे ६० केले. मे २०२५ पासून तिथे जाण्याआधी ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं. मलेशिया डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाविना येऊ देतं, तिथेही असंच कार्ड असतं. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा, एका प्रवेशासाठी २५ आणि अनेक प्रवेशांसाठी ५० डॉलर. अर्जात प्रवेशाचं ठिकाण निवडावं लागतं, ते विचार करून निवडा. इंडोनेशिया उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा देतं, पाच लाख रुपियांत (घाबरू नका, रुपिया आहे), तो एकदा वाढवता येतो. नेपाळला व्हिसा नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. म्यानमार सध्या यादीतच धरू नका. थायलंड-कंबोडिया सीमेवर २०२५ मध्ये लढाई होऊन रस्त्याने जाण्याची वाट बंद झाली. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीचे प्रवासाचे व्हिडिओ पाहून बसची स्वप्नं रंगवू नका. कुठल्याही देशासाठी निघण्याच्या आठवड्यात त्या देशाचं सरकारी संकेतस्थळ उघडायचंच.

एक फटका आम्हाला कोलकात्याच्या विमानतळावर बसला. थायलंडमधून पुढे आम्ही रस्त्याने लाओसला जाणार होतो, त्यामुळे बाहेर पडण्याचं तिकीट नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने बोर्डिंग पास द्यायला नकार दिला. मागे रांग, बॅगा पट्ट्यावर आणि आम्ही मोबाइलवर बँकॉकहून निघणारं सगळ्यात स्वस्त विमान शोधतोय. ते तिकीट वापरलं नाही, पैसे गेले. एकतर्फी निघणार असाल तर पुढच्या देशाचं तिकीट आधीच काढा, आणि रद्द केल्यावर पैसे परत मिळणारं काढा.

दुचाकी चालवायची असेल तर पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. वर्षभर चालतो. पण एक गोम आहे आणि ती कुणी सांगत नाही. आपला परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला असतो. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेलाच मानतं. म्हणजे व्हिएतनामात आपला परवाना कागदाचा तुकडा. भाड्याने देणारा गाडी हसत हसत देईल, पण पडलात तर विमा कंपनी हात वर करेल. हा-ज्यांगच्या डोंगरातला फेरा करायचाच असेल तर स्थानिक चालकामागे बसून करा. त्या वळणांवर मागे बसणंच बरं. निदान दरी बघता येते. आणि दुचाकीवाल्याकडे तारण म्हणून पासपोर्ट कधीही ठेवू नका. रोख द्या, पासपोर्टची झेरॉक्स द्या.

प्रवास विमा घेताना एका पॉलिसीत सलग किती दिवस मिळतात ते विचारा. बऱ्याच पॉलिसी १८० दिवसांवर थांबतात.

पायरी ३: ऋतू बघून वाट ठरवा

नकाशावर सरळ रेघ मारू नका, पावसाच्या मागे-पुढे चाला. दिवाळीनंतर निघणं नाशिककरांना सगळ्याच बाजूंनी सोयीचं. सण घरी होतो, आईवडिलांचा राग थोडा कमी होतो आणि नोव्हेंबरात नेपाळचं आकाश धुतल्यासारखं असतं. डिसेंबर-जानेवारी थायलंड. तिथला उत्तरेचा भाग, म्हणजे च्यांग माई वगैरे, जानेवारीतच उरका. फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतं आणि जंगल जाळतात. धुराने घसा धरतो. लाओसच्या उत्तरेतही मार्चपासून तेच.

व्हिएतनामचं नवीन वर्ष, तेत, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतं. त्या आठवड्यात सगळा देश गावी जातो. आपल्या गणपतीत कोकणच्या गाड्यांची जी अवस्था असते ती तिथल्या प्रत्येक गाडीची होते आणि दुकानंही बंद. आम्ही मुद्दाम लाओसमध्ये थांबलो आणि तेत झाल्यावर हनोईला गेलो. हनोई ते सायगाव रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा. तो एका दमात करू नका, तुकड्यातुकड्यांनी उतरत दीड महिना घ्या. मधला पट्टा, ह्वे आणि होई आन, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुरात असतो; मार्चमध्ये छान कोरडा.

कंबोडियाचं आमचं गणित चुकलं. एप्रिलमध्ये अंगकोर बघायला जाणं म्हणजे मालेगावला मे महिन्यात भर दुपारी किल्ला बघणं. तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा, एक दिवसाचा ३७ चा. आम्ही तीनाचा घेतला आणि तिन्ही दिवस पहाटे साडेचारला निघून दहाला खोलीवर परत. इंडोनेशिया मात्र मे-जूनमध्ये कोरडं असतं, तिथे हिशेब जमला.

एका देशाला निदान तीन आठवडे द्या. हे ऐकून सगळे माना डोलावतात आणि मग सात महिन्यांत चौदा देश लिहून आणतात. निम्मे खोडा.

पायरी ४: बॅग

प्रत्येकी एकच बॅग, ४० ते ४५ लिटरची. स्वस्त विमानांत हातातलं सामान बहुतेक ठिकाणी ७ किलोपर्यंतच चालतं. आमची पहिली भरलेली बॅग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली तर साडेचौदा किलो. दुकानात उभ्या दोन बायकांनी विचारलं, माहेरी चाललीस का? घरी येऊन सगळं जमिनीवर ओतलं. तीन जीन्स, हेअर ड्रायर, स्टीलचा डबा, नवऱ्याचं चार जाडजूड पुस्तकांचं गाठोडं. शेवटी माझी नऊ किलोवर आली आणि प्रवासात आठ झाली.

न्यायलाच हव्यात अशा गोष्टी थोड्या आहेत. दोन पंचे: टॉवेलपेक्षा हलके, तासाभरात वाळतात, बसमध्ये पांघरूण होतात. देवळांत खांदे आणि गुडघे झाकायला एक सुती ओढणी. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. मासिक पाळीचा कप, कारण खेड्यात हवं ते मिळेलच असं नाही. तो घरी तीन-चार महिने वापरून सवय करा. थंडीचे कपडे नेऊ नका, काठमांडूच्या थमेलमध्ये स्वस्त मिळतात आणि नेपाळ सोडताना देऊन टाकता येतात. सोनं लॉकरमध्ये. मंगळसूत्राऐवजी मी साध्या दोऱ्यात काळे मणी ओवून घातले. सासूबाईंना हे पटवायला व्हिसापेक्षा जास्त वेळ लागला.

खाऊ देताना आईला एक सांगा: सिंगापूरला उतरणार असाल तर खसखस नको. तिथे खसखशीला बंदी आहे, ती अमली पदार्थांच्या हिशेबात धरतात. म्हणजे अनारसे गेले आणि आपला काळा मसालाही गेला, कारण बहुतेक घरांत त्यात खसखस असते. ई-सिगारेट तर थायलंड, सिंगापूर कुठेही नको. शेंगदाण्याची चटणी मात्र खुशाल न्या. तिच्याबद्दल पुढे सांगते.

पायरी ५: सराव

बॅग भरली की ती घेऊन चाला. आधी पांडवलेणीच्या पायऱ्या आठ दिवस सकाळी, मग एका रविवारी अंजनेरी, मग त्र्यंबकला ब्रह्मगिरी. शेवटची परीक्षा कळसूबाई: १,६४६ मीटर, बारी गावातून, पूर्ण बॅगेसह. हरिहरला बॅग घेऊन जाऊ नका, त्या खड्या पायऱ्यांवर पाठीवरचं ओझं मागे खेचतं. सरावात पायांपेक्षा दुसरीच गोष्ट कळते. कोण आधी दमतं, दमल्यावर कोण गप्प होतं आणि कोण चिडतं. मी चिडते. हे मला कळसूबाईच्या दुसऱ्या शिडीवर कळलं आणि बरं झालं तिथेच कळलं.

पायरी ६: घर बंद करणं

भाड्याचं असेल तर सोडा. सामान नातेवाइकांच्या एका खोलीत ठेवा. स्वतःचं असेल तर भाड्याने द्यायचं की बंद ठेवायचं हे लवकर ठरवा. २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय, भाडेकरू मिळतील, पण अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार केल्याशिवाय किल्ली देऊ नका. गॅसचा रेग्युलेटर काढा, टाकी रिकामी करा, फ्रिज धुऊन दार उघडं ठेवा. गाडीची बॅटरी काढून ठेवा. लाइट बिल आणि घरपट्टी ऑनलाइन भरायची तारीख दोघांपैकी एकाच्या गळ्यात घाला. तुळस शेजारी द्या. आमची शेजारच्या काकूंकडे इतकी फोफावली की त्यांनी परत दिली नाही.

पायरी ७: पहिला आठवडा

विमानाने सुरुवात करू नका. नाशिकरोडहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, साधारण सव्वा दिवस. स्टेशनबाहेरून सोनौलीला बस किंवा जीप, सुमारे शंभर किलोमीटर. कमानीखालून चालत गेलं की नेपाळ. शिक्का नाही, फॉर्म नाही, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं, बस. पहिला देश असा पायी ओलांडला की भीती निघून जाते. सीमेवरून थेट पोखऱ्याची बस धरण्याचा मोह टाळा, लुंबिनीत दोन रात्री थांबून झोपा. मग पोखरा, आणि पाय तयार असतील तर घोरेपानी-पून हिल, ३,२१० मीटर. परत येताना रक्सौलहून मिथिला एक्स्प्रेसने हावडा आणि कोलकात्याहून बँकॉकचं विमान. मुंबईहून निघण्यापेक्षा बरंच स्वस्त पडलं.

नव्या गावातल्या पहिल्या दोनच रात्री आधी बुक करा. बाकीचं तिथे जाऊन, खोली बघून, पंखा लावून, नळ सोडून ठरवा. दोघं असलात तर डॉर्मचे दोन बेड आणि साधी डबल रूम यांच्या दरात बहुतेक ठिकाणी शे-दोनशेचाच फरक असतो.

पायरी ८: जेवण

मी शाकाहारी, नवरा सगळं खाणारा. शाकाहाऱ्यांनी तीन-चार शब्द पाठ करावेत. थायलंडमध्ये 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं. त्यात मांस-मासळीच काय, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या मावशीला तिथे सुखाने राहता येईल. साध्या भाजीतही 'नाम प्ला' म्हणजे मासळीचं पाणी असतं, म्हणून नुसतं 'मांस नको' सांगून भागत नाही. व्हिएतनाममध्ये शाकाहाराला म्हणतात चक्क 'चाय'. मी पहिल्या दिवशी सकाळी चहा मागितला आणि टोफूची थाळी आली. तिथले बरेच लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात. पंधरावा म्हणजे आपली पौर्णिमा. भिंतीवरचं कॅलेंडर फोनमध्ये ठेवलं होतं, ते असं कामी आलं: पौर्णिमेला गल्लीबोळात 'चाय'च्या गाड्या लागतात.

लाओसमध्ये सगळ्यात कमी मिळतं आणि तिथेच मी सगळ्यात छान जेवले. हुआय साईहून लुआंग प्राबांगला मेकाँगमधून दोन दिवसांची बोट जाते, मध्ये पाकबेंगला मुक्काम. बोटीवर नूडल्सचे डबे सोडून काही नाही. शेजारी बसलेल्या आजींनी बांबूची छोटी टोपली उघडली, आत चिकट भात. चिमटीने तोडायचा, बोटांनी गोळी करायची आणि कशात तरी बुडवायची. मी चटणीची पिशवी काढली. आजींनी भाताची गोळी चटणीत लोळवली, खाल्ली, थोडा वेळ पाण्याकडे बघितलं आणि टोपली माझ्याकडे सरकवली. पाकबेंग येईपर्यंत पाव किलो चटणी संपली.

मलेशियात पेनांगला आणि क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्सला केळीच्या पानावर भात-सांबार मिळतं. पाच महिन्यांनी पानावर जेवताना डोळे भरून येतात, लाजू नका. इंडोनेशियात टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि गाडो-गाडो, म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर दाण्याच्या कुटाचं घट्ट कालवण. त्यात 'तेरासी' नको म्हणून सांगा, ती कोळंबीची असते.

पायरी ९: आजारपण

निघण्याआधी दोन महिने डॉक्टरांना भेटा. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात आणि रेबीज या चार लसींबद्दल विचारा. बालीत माकडं आणि सगळीकडे कुत्री आहेत. चावलं किंवा ओरखडलं तर जखम पंधरा मिनिटं साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. ताप आला तर डेंग्यू धरूनच चाला: फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीची दुसरी गोळी, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन, घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. नेहमीची औषधं असतील तर चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. नवऱ्याला लाओसमधल्या वांग व्यांगला जुलाब झाले तेव्हा रात्री दीड वाजता त्यांनीच तारलं.

पायरी १०: दोघं

ह्वेच्या स्टेशनावर पहाटे पाचला उतरलो. खोली दोन किलोमीटरवर. त्याला चालत जायचं होतं, मला टॅक्सी हवी होती. तो म्हणाला, "अगं, चाळीस मिनिटांचा तर रस्ता आहे." मी काहीच बोलले नाही, हे वाईट लक्षण. चालत गेलो आणि त्या दोन किलोमीटरपायी दीड दिवस अबोला.

त्यानंतर आम्ही तीन नियम केले. जो जास्त दमलाय त्याचं ऐकायचं, हिशेब नंतर. आठवड्याचा एक कारभारी: गाडी, खोली, दिशा सगळं त्याने बघायचं, दुसऱ्याने तोंडातून ब्र काढायचा नाही, चुकीच्या बसमध्ये बसलो तरी. आणि आठवड्यातला एक दिवस वेगवेगळा. तो कुठेतरी पोहायला, मी बाजारात, संध्याकाळी जेवायला भेट. तिसरा नियम घरच्यांना सांगू नका. माझ्या आईला वाटलं आमचं बिनसलं.

घरी फोनची वेळ ठरवून टाका. थायलंड, लाओस, व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे, बाली अडीच. आई आठाची मालिका संपल्यावर फोन करते, तेव्हा बालीत अकरा वाजलेले असतात. आम्ही रविवारी सकाळचं ठरवलं.

पायरी ११: परतताना

शेवटचे दहा दिवस एकाच गावात काढा आणि तिथूनच नोकरीचे अर्ज, घराचे फोन सुरू करा. विमान मुंबईला पहाटे उतरेल असं घ्या, म्हणजे दुपारच्या आत नाशकात. जूनच्या शेवटी आलात तर कसाऱ्यापासून पाऊस धरलेला असतो, बॅगेवरचं प्लास्टिक हाताशी ठेवा. घरी आल्यावर बॅगा आत नेऊ नका. गच्चीतच रिकाम्या करा, कप्पे उलटे करून झटका, कोमट पाण्याने धुवा आणि चेनीला मेणबत्ती घासा. आमच्या बॅगेच्या तळाशी तीन देशांची नाणी, एक कुलूप ज्याची किल्ली कधीच सापडली नाही आणि चटणीचा रिकामा डबा निघाला.